चार-बीचे वतनदार

बुलढाणा जिल्ह्यात सरकारी नोकर निवृत्त झाला म्हणजे त्याने उर्वरित आयुष्य कसे घालवावे, याबद्दल लोकमताने काही मार्ग फार पूर्वीपासून मुक्रर करून ठेवलेले आहेत. गुरुवारी शेगावची वारी धरावी. घराच्या मागल्या अंगणात वांगी-मिरच्या लावून त्यांच्यावरील किडीची चर्चा शेजाऱ्याशी करावी. भाऊबंदांशी आजोबांच्या वेळेपासून चालत आलेला बांधाचा दावा नव्या उमेदीने पुढे चालवावा. आणि यांपैकी काहीच न साधल्यास पहाटे राजूर घाटाच्या अंगाला फेरफटका मारीत राज्यकारभारातील दोष बरोबरच्या मंडळींस उलगडून दाखवावेत. हे प्रशस्त राजमार्ग सोडून जो इसम वयाच्या ५८ व्या वर्षी, कोणाचीही फूस नसताना, हातात पेन्सिल घेऊन समोरच्या वस्तूकडे टक लावून पाहू लागतो, त्याच्याविषयी गावात प्रथम कुतूहल, मग चिंता आणि अखेरीस एक सावध प्रकारची माया उत्पन्न होते. असा इसम एखादाच असता तर लहरी म्हणून त्याला सोडून देता आले असते. परंतु चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव, कोठेही जा, बसस्थानकाच्या बाकावर, देवळाच्या पारावर किंवा तहसील कचेरीसमोरील कडुनिंबाखाली, जाड पुठ्ठ्याची वही मांडीवर घेतलेली ही मूर्ती तुम्हांस दिसल्यावाचून राहत नाही. तिचे पोटभेद अनेक आहेत. बँकेतील रोखपाल, एसटीतील वाहतूक नियंत्रक आणि गणिताचे मास्तर यांच्यातही ही बाधा आढळते; परंतु निर्भेळ नमुना पाहावयाचा असेल तर महसूल खात्यातील निवृत्त अव्वल कारकूनच पाहावा. पुढील हकिगत त्याची आहे. नाव मुद्दामच देत नाही. एकाचे दिले तर बाकीचे रुसतील.

या व्यसनाचे मूळ शोधू गेल्यास ते शाळेतील एलिमेंटरी ग्रेड परीक्षेपर्यंत जाऊन पोहोचते. एलिमेंटरी आणि तिच्या पाठोपाठ येणारी इंटरमीजिएट या परीक्षांनी महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती यांच्या चरकातून पिळून काढले असून, त्यातून चित्रकार किती निघाले याचा हिशेब बाजूस ठेवला तरी हळहळणारे मात्र घरोघर निघाले. आमच्या अव्वल कारकुनांच्या आयुष्यातील पहिला पराभव वस्तुचित्राच्या दिवशी मेजावर ठेवलेल्या एका पितळी तांब्याने केला. तांब्याचे तोंड गोल असते ही गोष्ट त्यांना लहानपणापासून पक्की ठाऊक होती, म्हणून त्यांनी ते बांगडी ठेवून काढावे तसे गोल काढले. आणि तांब्या मेजावर स्थिर उभा राहतो हेही ठाऊक असल्यामुळे त्याचे बूड पट्टीने आखून सपाट केले. वर पौर्णिमा आणि खाली क्षितिज अशा थाटाचा तो तांब्या पाहून ड्रॉइंग मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, डोक्यातला तांब्या नको काढूस, समोरचा काढ.” विद्यार्थ्याने समोर पाहिले, आणि त्याला पुन्हा डोक्यातलाच तांब्या दिसला. निकालात ‘क’ श्रेणी आली.

पुढे नोकरीत पडल्यावर मास्तरांच्या त्या एका वाक्याविरुद्ध त्यांचे जे पद्धतशीर शिक्षण झाले, त्याची कल्पना महसूल खात्याशी ज्यांचा संबंध आला असेल त्यांसच येईल. डोळ्यांनी पाहिलेला पुरावा हा त्या खात्यात सर्वांत कनिष्ठ प्रतीचा समजला जातो. सातबारावर विहीर असेल तर विहीर आहे, मग त्या जागी बोरीचे काटवण का माजलेले असेना. आणि फेरफार झालेला नसेल तर समोर खुर्चीवर बसून चहा पीत असलेला इसम कायद्याने अद्यापि जमिनीवर आलेलाच नाही. तीस वर्षे अशा दप्तराच्या सहवासात काढलेला मनुष्य निवृत्तीच्या दुसऱ्या आठवड्यात वही घेऊन तुळशीवृंदावनासमोर बसतो आणि दिसते तेच काढण्याची प्रतिज्ञा करतो, तेव्हा तो चित्रकलेस आरंभ करीत नसून आपल्या सबंध सेवापुस्तकावर बोळा फिरविण्यास निघालेला असतो. मला स्वतःला या धाडसापुढे विनोद सुचेनासा होतो. पण पुढील प्रकार पाहिले की पुन्हा सुचतो.

पहिला प्रकार साहित्याचा. लाल-काळ्या पट्ट्यांच्या नटराज पेन्सिलीवर ज्याचा सगळा कचेरीकाळ गेला, त्याला आता समजते की पेन्सिलींतही एच आणि बी अशी दोन घराणी असून त्यांत पायऱ्या आहेत, मानपान आहेत. त्या शोधाने तो इतका हर्षभरित होतो की चित्र बाजूस राहून पेन्सिलीचा इतिहासच त्याच्या जिव्हेवर नाचू लागतो. १७९५ साली कोंते नावाच्या फ्रेंच गृहस्थाने, इंग्लंडशी युद्ध जुंपून तिकडले उत्तम ग्रॅफाइट मिळेनासे झाले तेव्हा, हलक्या ग्रॅफाइटच्या भुकटीत माती कालवून ती भट्टीत भाजली आणि पेन्सिलीचे शिसे सिद्ध केले; माती अधिक तर रेघ कठीण व फिकी, माती कमी तर रेघ मऊ व काळी; हे तो भाजीवाल्यापासून निवृत्त तहसीलदारापर्यंत सर्वांस सारख्याच तन्मयतेने सांगतो. वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीची प्रतवारी लावण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला चित्रकलेतही अखेर सगळा प्रश्न मातीच्या प्रमाणाचाच आहे, हे ऐकून मोठा दिलासा वाटतो यात नवल नाही. नटराज आणि अप्सरा या दोन्ही पेन्सिली १९५८ साली सुरू झालेल्या हिंदुस्थान पेन्सिल्स या एकाच कारखान्याच्या होत, ही माहिती तर तो एखाद्या घराण्यातील भाऊबंदकी फोडावी तशा दबक्या आवाजात देतो.

दोन-बी, चार-बी, सहा-बी अशी चढती भाजणी घरात येते. चार-बीवर त्याचे मन विशेष बसते. ती ना फार भिडस्त, ना फार आगाऊ. मग टोक करण्याचा विधी सुरू होतो. यंत्रातून टोक करणे हे त्याच्या मते शाळकरी पोरांचे काम. जाणत्याने पाते वापरून शिसे अंगुळभर उघडे ठेवावे. त्याप्रमाणे सकाळी चहानंतर तो टोक करावयास बसतो, उघडे शिसे तुटते, पुन्हा करतो, पुन्हा तुटते, आणि बाराच्या सुमारास जेवणाची हाक येते तेव्हा तुळशीवृंदावन कोरे राहून पेन्सिल मात्र निम्मी झालेली असते. खोडरबराचीही तीच कथा. रबराने पेन्सिलीची रेघ पुसते ही गोष्ट १७७० साली जोसेफ प्रीस्टली याने नमूद करून ठेवली, आणि तत्पूर्वी युरोपातील चित्रकार पावाच्या मऊ गराने रेघा पुसत असत, असे वाचनात आल्यावर त्याने तो प्रयोग ज्वारीच्या भाकरीवर करून पाहिला. रेघ पुसली गेली नाही. मुंग्या मात्र आल्या, आणि त्या चित्रातील एकमेव गतिमान भाग ठरल्या.

छायाप्रकाशाच्या बाबतीत त्याचा सारा भरवसा अंगठ्यावर. रेघांची जाळी विणून छाया द्यावी असे पुस्तकात सांगितलेले असते. परंतु तेवढा धीर कोणाला? तो चार-बी आडवी धरून घासतो आणि वर अंगठा फिरवितो, ज्यायोगे सिंदखेड राजाचा रंगमहाल, मोती तलावाची भिंत, अंगणातील सायकल आणि धाकटी नात या सर्वांवर आषाढातील एकच ढग उतरल्याचा भास होतो. ज्या मनुष्याने उभ्या हयातीत शेकडो खातेदारांचे अंगठे शाईत बुडवून कागदावर उठविले, त्याचा स्वतःचा अंगठा आता कायमचा काळा झालेला असतो. दैवाच्या दरबारातही फेरफाराची नोंद होते म्हणावयाची.

घरातील मंडळींची वागणूक हा या प्रकरणातील नाजूक भाग होय. बेटी एडवर्ड्स नामक अमेरिकन शिक्षिकेने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात नवशिक्यांसाठी एक नामी युक्ती दिली आहे: ज्या चित्राची नक्कल करावयाची ते उलटे टांगावे, म्हणजे नाक हे नाक न राहता नुसती वळणदार रेघ उरते आणि मेंदूची ‘मला ठाऊक आहे’ ही घमेंड थोडी उतरते. आमच्या गृहस्थांच्या दुखण्यावर इतके अचूक औषध दुसरे नव्हते. त्यांनी तत्काळ भिंतीवरील दिनदर्शिका उतरवून तीवरील सरस्वती उलटी केली आणि वीणेपासून प्रारंभ केला. दुपारी सौभाग्यवती दळण घेऊन परतल्या, त्यांनी तो देखावा पाहिला आणि डबा दारातच ठेवला.

“अहो, देवीचं डोकं खाली अन् पाय वर करून बसले! घरात काही राहील का?”

“अगं, ही शास्त्रीय पद्धत आहे. उलटं पाहिलं की खरं दिसतं.”

“मग तुमच्या निरोपसमारंभाचा फोटो करा की उलटा. त्यात आहेत सगळे साहेबलोक.”

सूचना तिरकस असली तरी अंमलबजावणीस योग्य होती. हार घातलेले तहसीलदार आणि दोन नायब तहसीलदार असे सर्व वरिष्ठ खाली डोके करून मेजावर मांडण्यात आले, आणि साऱ्या जाणकारांचे असे मत आहे की अव्वल कारकुनांच्या हातून तोवर उतरलेले ते सर्वोत्कृष्ट चित्र होय. त्या रेखाटनात जी एक निर्भय प्रसन्नता आहे, ती त्यांनी पुढे कधी साधलेली नाही.

वह्या भरत जातात तसा जागेचा प्रश्न उद्भवतो आणि गृहिणी त्याचा निकाल आपल्या अधिकारात लावते. फडताळातील डब्यांखाली पसरलेले लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचे खांब पाहून त्यांना जो शोक होतो, तो व्यक्त करण्यासाठी ते अजिंठ्याचा दाखला काढतात. मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करीत कित्येक वर्षे त्या डोंगरात राहिला, त्या नकला विलायतेस गेल्या, आणि त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्म झाल्या. पुढे ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूलचे विद्यार्थी यांनी नव्याने नकला केल्या, त्यांतीलही पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या. अजिंठा बुलढाण्याच्या इतक्या शेजारी की हे दुःख ते घरचेच मानतात. “माझ्या वाट्याला आग नाही आली, गोडेतेल आलं,” असे म्हणून ते डबा उचलतात, तेलाचा डाग पाहतात, आणि खांबाला त्यामुळे बरा गोलावा आला आहे असे दिसल्यावर तो कागद पुन्हा वहीत घालतात.

परंतु खरा पराक्रम घराबाहेरचा. वस्तूचे प्रमाण घेण्याची जुनी रीत अशी की हात ताठ लांब करावा, पेन्सिल उभी धरावी, एक डोळा मिटावा, आणि अंगठ्याच्या नखाने पेन्सिलीवर उंची मोजून घ्यावी. ही क्रिया चित्रशाळेत शोभते. चिखलीच्या बसस्थानकावर ती करताना एक डोळा नेमका कोणत्या दिशेस पाहून मिटला जात आहे, याकडे लोकांचे लक्ष असते, हे त्यांना एका तरतरीत कॉलेजकन्येच्या त्याहून तरतरीत आत्याने समजावून दिले. तेव्हापासून ते माणसे सोडून झाडांकडे वळले. पण झाडे कोणाच्या तरी वावरात असतात.

देऊळगाव राजाच्या रस्त्याला एका बांधावरची जुनी बाभूळ त्यांच्या फार मनात भरली. पांढरी टोपी, काखेत वही, ताणलेला हात आणि मिटलेला डोळा अशा अवस्थेत ते पाच-दहा मिनिटे उभे राहिले असतील नसतील, तोच वावराचा मालक, त्याचा भाऊ, भावाचा मेहुणा आणि नुसतेच उभे राहणारे आणखी दोघे असा पंचांचा मेळा जमला. या जिल्ह्यातील कास्तकाराच्या दृष्टीने हे दृश्य निरर्थक नव्हते. मेहकर, लोणार आणि सिंदखेड राजाच्या बाजूने समृद्धी महामार्ग गेला तेव्हा प्रथम असाच कोणीतरी बांधावर उभा राहून एका डोळ्याने पाहत होता. आणि खामगाव-जालना रेल्वेची नुसती मोजणीच होते, हे तर येथे पिढ्यान्‌पिढ्या ऐकण्यात आहे.

“रामराम साहेब. काय मोजू राह्यले?”

“काही नाही, ही बाभूळ.”

“झाडाचं मूल्यांकन वेगळं धरता का यंदा?”

“अहो, मी चित्र काढतो आहे.”

“हाव, आधी चित्रच काढता लोकं. मंग नोटीस येते.”

त्यांनी वही दाखविली. पंचांनी ती आडवी, उभी आणि पुन्हा आडवी धरून पाहिली. बाभूळ कोणासही दिसली नाही, त्यामुळे तो रस्ताच असला पाहिजे, हा संशय दृढ झाला. मग मालकाने त्यांना किंचित बाजूस नेऊन आवाज उतरविला.

“मंग इथं एक विहीर घ्या.”

“विहीर? कुठं आहे विहीर?”

“खोदू ना आपण. तुमी कागदावर तर घ्या.”

तीस वर्षांच्या निष्कलंक सेवेत अशी विनंती त्यांनी अनेकदा ऐकली होती आणि दर वेळी नाकारली होती. आताही नाकारली, फरक इतकाच की या वेळी नकाराचे कारण प्रामाणिकपणा की विहिरीचे तोंड लंबवर्तुळाकार काढावे लागेल ही धास्ती, हे त्यांचे त्यांनाही नीटसे सांगता आले नाही.

ते लंबवर्तुळ! तांब्याच्या तोंडाने बालपणी जो दावा लावला, तो लोणारला वरिष्ठ न्यायालयात गेला. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ज्याची नोंद केली, ते लोणारचे विवर उल्कापाताने काळ्या बेसॉल्टात खोदलेले असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. आणि काठावर उभे राहून खाली पाहिले की त्याच्या तळाचे पाणी गोल न दिसता दोन बाजूंनी दाबल्यासारखे दिसते, हे कोणीही सांगेल. अव्वल कारकुनांखेरीज. त्यांना ते गोल आहे हे ठाऊक होते, उपग्रहातून घेतलेले छायाचित्र त्यांनी पाहिले होते, नकाशा त्यांच्या दप्तरात होता. त्यामुळे त्यांनी काठावर बसून आकाशातून दिसणारे लोणार काढले, आणि त्याच्या कडेने झाडे मात्र जमिनीवरून दिसतात तशी उभी केली. ते चित्र पाहणाऱ्यास घेरी येते. तरी ते दर हिवाळ्यात जातात, दर हिवाळ्यात वर्तुळ किंचित चपटे होते, आणि या गतीने गेल्यास अजून आठ-दहा वर्षांत पाणी खाली बसेल अशी खात्री वाटते.

लोणारने त्यांची याहून क्रूर थट्टा २०२० च्या जूनमध्ये केली. सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्म जीवांमुळे तसे घडले, असा निर्वाळा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पुढे दिला. परंतु त्या दिवसांत देशभरची वृत्तपत्रे त्या रंगाने भरून गेली, जिल्ह्याच्या हयातीत निसर्गाने असा प्रकार क्वचितच केला असेल, आणि आमच्या चित्रकारांकडे दोन-बीपासून आठ-बीपर्यंत झाडून सगळ्या काळ्या पेन्सिली होत्या. टाळेबंदी थोडी सैल होताच ते आपल्या चार-बीनिशी तेथे गेले, त्यांनी पाण्याला नेहमीपेक्षा हलक्या अंगठ्याने छाया दिली आणि खाली स्वच्छ अक्षरांत लिहिले: ‘गुलाबी समजावे.’ सही. दिनांक. मुक्काम लोणार.

हे शेरे त्यांच्या प्रत्येक चित्राखाली असतात. ‘समक्ष पाहून काढले.’ ‘उजवीकडील बुरूज जागेअभावी घेतला नाही.’ ‘सदर म्हैस मध्येच निघून गेली.’ एखाद्या पट्टीच्या चित्रकाराच्या सहीइतकीच मला या शेऱ्यांची गोडी वाटते, आणि कित्येकदा चित्र झाकून शेराच वाचावा असे मन घेते. नांदुऱ्याच्या १०५ फुटी हनुमंताचे प्रकरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. मनुष्याकृती साधारण साडेसात मस्तके उंच असते, हा नियम त्यांनी पाठ केला होता. म्हणून प्रथम मस्तक काढावे आणि मग त्याच्या हिशेबाने खाली उतरत यावे, असा बेत. मुकुट उत्तम जमला, चेहरा जमला, गदा तर फारच छान उतरली. फक्त मांड्यांपर्यंत आले तोच कागद संपला. शेरा असा: ‘गुडघ्यांखालील भाग पुढील पृष्ठावर.’ पुढील पृष्ठावर चरण आहेत, पण ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूने काढलेले.

नातेवाइकांची मागणी हा वेगळाच जुलूम. ज्या कोणास पेन्सिल धरता येते त्यास कैलासवासी वडिलांच्या टिकलीएवढ्या छायाचित्रावरून भिंतीवर टांगण्याजोगी तसबीर करून देता आली पाहिजे, अशी वऱ्हाडात समजूत आहे. आणि ती देताना डोक्यावर फेटा, अंगात कोट व मुद्रेवर समाधान, जे हयातीत क्वचितच होते, हे सर्व पदरचे घालावयाचे असते. अशा वेळी ते चौकटींच्या पद्धतीचा आश्रय करतात. लहान छायाचित्रावर बारीक चौकोन आखावयाचे, मोठ्या कागदावर तितक्याच संख्येचे मोठे चौकोन आखावयाचे आणि एकातील मजकूर दुसऱ्यात उतरवावयाचा, ही मोठमोठ्या चित्रकारांनी शतकानुशतके वापरलेली रीत त्यांच्या हाती आली की चेहऱ्याचा गावनकाशा होतो. प्रत्येक चौकोनास गट क्रमांक पडतो. एकदा मी सहज डोकावलो, तेव्हा ते मान न वळविता म्हणाले, “मामांचं नाक गट नंबर चौदामध्ये आहे, पण डावी नाकपुडी पंधरामध्ये अतिक्रमण करते. मूळ कागदच तसा आहे, माझा इलाज नाही.” तसबीर पूर्ण झाल्यावर सर्व कुटुंब जमले. ती कोणासारखी तरी हुबेहूब होती, याबद्दल दुमत नव्हते. कोणासारखी, यावर संध्याकाळपर्यंत खल चालून ती मामांच्या धाकट्या साडूसारखी असल्याचे निष्पन्न झाले. आणि साडू हयात असल्यामुळे हार घालण्याचे रहित झाले.

त्यांच्या प्रगतीचा आलेख काढू गेल्यास तो चित्रांत न सापडता कारणांत सापडतो. पहिल्या वर्षी चित्र बिघडले तर ते नुसते ‘बिघडलं’ म्हणत. आता ते यथादर्शनातील दोष, मध्यछटेचा अभाव, कागदाची चढलेली कड आणि उन्हाचा तिरकस कोन यांची अशी काही कैफियत सादर करतात की ऐकणाऱ्यास चांगले चित्र निघणे हाच योगायोग वाटू लागतो. सोबतीला तसेच दोघे-तिघे आहेत. रविवारी सकाळी ते एकत्र बसतात, एकमेकांच्या चित्रांची अत्यंत मार्मिक चिकित्सा करतात आणि ती चिकित्सा आपल्यास लागू नाही अशा समजुतीने प्रसन्न चित्ताने घरी जातात. एका रविवारी, शेगाव स्थानकाच्या फलाटावर झोपलेले वारकरी काढण्याचा कार्यक्रम होता. (झोपलेला मनुष्य हा या मंडळींचा आवडता विषय, तो हलत नाही आणि किती मिळतात असे विचारीत नाही.) तेथे खामगावचा एक पोरगा गाडीची वाट पाहत होता. पंधे गुरुजींसारख्या कलातपस्व्याचे नाव ज्या गावात अजून आदराने घेतले जाते, तेथल्या चित्रकला महाविद्यालयात तो शिकत असावा. त्याने खिशातून साधा बॉलपेन काढला, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आठ-दहा रेघा मारल्या, आणि त्यांत उशाशी पिशवी घेऊन, गुडघे पोटाशी घेऊन, एक हात पिशवीच्या बंदात अडकवून झोपलेली म्हातारी सबंध उतरली. तिच्या झोपेतली सावधगिरीसुद्धा उतरली. गाडी आली, तो चढून गेला, वर्तमानपत्र बाकावरच राहिले.

मंडळी थोडा वेळ गप्प होती. नंतर एकाने पेनने खोडता येत नाही हा दोष दाखविला, दुसऱ्याने वेग म्हणजे कला नव्हे असा अभिप्राय दिला, आणि अव्वल कारकुनांनी होकुसाईचा आधार काढला. होकुसाई हा जपानी चित्रकार. सत्तरीच्या आधी आपण काढलेल्यांत लक्ष देण्याजोगे काही नाही आणि त्र्याहत्तराव्या वर्षी कोठे प्राण्यांची व झाडांची ठेवण आपल्याला थोडीबहुत कळू लागली, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. निवृत्तांच्या चित्रवर्तुळात या मजकुराला शासन निर्णयाइतके वजन आहे. त्याच लिखाणात आपल्याला सहाव्या वर्षापासून चित्रे काढण्याचा नाद होता असेही त्याने म्हटले आहे, ते मात्र कोणी वाचून दाखवीत नाही. वर्तमानपत्राचा तो तुकडा कोणी उचलला, हे मी पाहिले आहे. त्यांच्या वहीत तो शेवटच्या पानामागे आहे. त्यावर शेरा नाही.

याउपर एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकलीच पाहिजे, नाहीतर हे लिखाण एकतर्फी होईल. मोताळ्याच्या बाजूला घाट उतरताना सकाळी नवाला सावल्या कोणत्या कड्यावरून सरकतात, सिंदखेड राजाच्या लखुजीराव जाधवांच्या समाधीचा घुमट कोणत्या जागेवरून भारी व कोणत्या जागेवरून हलका दिसतो, हातपंपावर पाणी भरणारी बाई कळशी उचलण्यापूर्वी कोणता पाय मागे घेते, हे तालुक्यात आज त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकणार नाही. कागदावर यातले काही येत नाही, हे खरे. पण सेवेत असताना याच माणसाने याच घाटातून शेकडो वेळा जीपमधून जाताना फक्त मैलाचे दगड पाहिले होते, प्रवासभत्त्यासाठी.

आणि मग यंदा पोळ्याच्या आदल्या आठवड्यात तो बैल आला. शेजारच्या वाडीतल्या एका ओळखीच्या कास्तकाराने तो कडुनिंबाखाली बांधला होता, खांदेमळणीपूर्वीची विश्रांती म्हणून. अव्वल कारकुनांनी बैठक जमविली. ऊन बरे होते, चार-बीला टोक होते, आणि बैल समाधानाने रवंथ करीत किंचित तिरका उभा होता. काय झाले कोण जाणे, त्या दिवशी त्यांनी ना मस्तके मोजली, ना डोळा मिटला. समोर जे दिसत होते तेच हळूहळू कागदावर उतरत गेले. वशिंड आले, गळ्याची पोळी आली, पाठीचा तो खोलगट उतार आला. पुढले दोन पाय आले, मागला एक आला. दुसरा मागला पाय पहिल्याच्या बरोबर आड गेला होता; तो दिसत नव्हता, म्हणून त्यांनी तो काढला नाही. वही लांब धरून पाहिली तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मी उठून मागे जाऊन उभा राहिलो. खरोखर बैल होता. एलिमेंटरीच्या मास्तरांनी ‘अ’ दिला असता.

मालक चुलीवरचा चहा घेऊन आला. त्याने चित्र पाहिले, मनापासून मान डोलावली, आणि मग बोटाने मोजू लागला.

“एक... दोन... तीन. साहेब, पाय तीनच?”

“चौथा त्याच्या आड आहे. इथून दिसत नाही.”

“पण हाय ना?”

“आहे, पण दिसत नाही.”

“जनावर धडधाकट हाय साहेब माहं. पोळ्यात पहिलं तोरण त्याचं असते. लोकायनं पाह्यलं तर काय म्हनतीन? लंगडा धरला का?”

ते बराच वेळ त्या बैलाकडे, मग कागदाकडे, मग मालकाच्या काकुळतीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. बैलाने तेवढ्यात पाय बदलला असता तर सगळेच भागले असते, पण तो आपला तसाच उभा. शेवटी त्यांनी चार-बी उचलली, मागल्या पायाच्या डाव्या बाजूस मोकळ्या जागेत एक निराळा, सरळ, मजबूत आणि कोणालाही मोजता येईल असा चौथा पाय काढला, अंगठ्याने त्यावर छाया फिरविली, आणि खाली लिहिले: ‘तीन पाय समक्ष पाहून. चौथा मालकाच्या जबानीवरून.’